मोटार न पोहोचणाऱ्या गावात

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. या बेटाचं घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबावर चालतं. त्यामुळे हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळचे सहा वाजले की तिथे बरोबर सकाळचे नऊ. बेटाचा दक्षिण किनारा नकाशावर पाहिला तर फाटलेल्या कापडाच्या कडेसारखा दिसतो. ग्रॅनाइटच्या डोंगरांत समुद्र मैलोगणती आत शिरलेला, दोन्ही बाजूंना सरळ उठलेले कडे, आणि जिथे होडी टेकवण्यापुरती सपाटी मिळाली तिथे वीस-पंचवीस घरं. या किनाऱ्याच्या बऱ्याच भागाला आजही रस्ता नाही. दुर्लक्षामुळे राहिलेली ही वस्ती असेल असं वाटतं, पण खरा प्रकार वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर तिथल्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या चार जाड चाकांच्या गाडीपासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

ती गाडी म्हणजे एटीव्ही. नागाव, काशीद, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेरी मारायला मिळते तीच जात. तिथे मात्र तिला सगळे नुसतं ‘बाइक’ म्हणतात आणि ती घरटी एक तरी असते.

बर्जियो हे मोटार जाऊ शकेल असं या किनाऱ्यावरचं एक शेवटचं गाव. ट्रान्स-कॅनडा महामार्ग सोडल्यावर दीडशे किलोमीटर एकच रस्ता. वाटेत पेट्रोल पंप नाही, चहाची टपरी नाही, वस्तीही नाही. झाडंही फारशी नाहीत. वाऱ्याने वाकवून बुटकी केलेली सूचिपर्णी झुडपं, काळी तळी आणि खडक. हा रस्ता १९७९मध्ये पूर्ण झाला. त्याआधी बर्जियोही बोटीवरच अवलंबून होतं. आता मोटारी इथे धक्क्याजवळ लावून ठेवायच्या आणि पुढे पूर्वेला ग्रे रिव्हर व फ्रान्सवे या गावांना जाणारी बोट पकडायची. बोटीत माणसं चढतात, सामान चढतं, मोटार चढत नाही. चढली तरी तिकडे उतरून जाणार कुठे?

फ्रान्सवे हे नाव फ्रेंच; लिहिताना ‘फ्रांस्वा’ दिसतं, पण गावकरी फ्रान्सवेच म्हणतात. समुद्रावरून पाहिलं तर इथे गाव आहे याचा पत्ताच लागत नाही. बोट कड्यांच्या मधल्या फटीत शिरते, वळते, आणि एकदम समोर रंगीत लाकडी घरांचा अर्धगोल उलगडतो. मागे सरळसोट डोंगर, त्यावरून येणारा ओढा, मधोमध पांढरं चर्च. २०२१च्या जनगणनेत इथली वस्ती शंभराच्या बरीच आत आली. घरांना जोडणाऱ्या वाटा लाकडी फळ्यांच्या किंवा काँक्रीटच्या, रुंदी हातगाडी जाईल इतकी. मोटार बसतच नाही. एटीव्ही बरोबर बसते, कारण तिची रुंदी चार फुटांच्या आसपास असते.

बोट धक्क्याला लागली की गावातल्या बाइक एकामागून एक खाली येतात. मागे छोटा ट्रेलर जोडलेला. दुकानाचा माल, टपाल, बांधकामाचं लाकूड, औषधं, कुणाचं नवं कपाट, सगळं बोटीवरून उतरवून ट्रेलरमध्ये भरायचं आणि चढावरच्या घरापर्यंत न्यायचं. वयस्कर माणसं चर्चला आणि दवाखान्याला याच गाडीवरून जातात. मासेमार जाळी आणि शेवंडीचे पिंजरे यावरूनच हलवतात. बर्फ पडला की याच वाटांवर स्नोमोबाइल धावते. वीज डिझेलवरच्या जनित्रातून येते आणि ते डिझेलही समुद्रमार्गेच. गंभीर आजारी माणसासाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. हवा बरी नसेल तर तेही येत नाही. अशा ठिकाणी ‘धक्का ते दार’ हे शेवटचं अर्धा किलोमीटर फार महत्त्वाचं असतं. सत्तरीच्या माणसाला सिलिंडर किंवा पिठाचं पोतं घेऊन ती चढण चढता येत नाही. गावात राहता येणं आणि न येणं यांतलं अंतर कित्येकांसाठी या गाडीने भरून काढलं आहे, असं मला तिथे सतत जाणवत राहिलं.

आता मूळ प्रश्न. इतक्या अडनिड्या जागी गाव वसलंच का? उत्तर एका शब्दाचं आहे: कॉड. १४९७मध्ये जॉन कॅबट या बाजूला आला, त्यानंतर या पाण्यातल्या कॉड माशाची कीर्ती युरोपभर झाली. फ्रेंच, बास्क, पोर्तुगीज, इंग्रज, सगळ्यांची गलबतं दर उन्हाळ्यात इथे यायला लागली. मासळी फाडायची, खारवायची, किनाऱ्यावर उभारलेल्या लाकडी माचांवर वाळवायची आणि शरद ऋतूत परत न्यायची. पुढे इंग्लंडच्या डॉर्सेट-डेव्हन भागातले आणि चॅनल बेटांवरचे लोक कायमचे राहिले. त्यांनी जागा निवडली ती मासळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकी. वल्ह्याच्या होडीच्या काळात मासेमारीच्या जागेपासून तासभर जवळ असणं म्हणजे रोजचे दोन तास वाचणं. त्यामुळे भूशिरांच्या टोकांवर, बेटांवर, खाड्यांच्या तोंडाशी शेकडो लहान गावं उभी राहिली. समुद्र हाच राजमार्ग होता, आणि त्या हिशेबाने फ्रान्सवे अगदी हमरस्त्यावर होतं. आडवळणी होती ती बेटाच्या मधली जमीन. या किनाऱ्यासमोरची सेंट पिएर आणि मिकलाँ ही छोटी बेटं तर आजही फ्रान्सची आहेत. नकाशावर ती पाहिली की या पाण्यावर किती देशांचा डोळा होता ते कळतं.

किनाऱ्याची ये-जा कोकणासारखीच बोटींवर चालायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रीड कंपनीच्या आगबोटी बंदराबंदरांतून फिरत. त्यांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने ठेवली होती: अर्गाइल, ब्रूस, क्लाइड, डंडी, एथी, फाइफ... म्हणून त्यांना ‘अल्फाबेट फ्लीट’ म्हणत. मुंबईहून विजयदुर्ग, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटीतून ज्यांचे आजी-आजोबा खलाशांच्या आधाराने पडावात उतरले, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको.

मग १९४९ साल आलं. तोवर ब्रिटनच्या अखत्यारीत असलेलं न्यूफाउंडलंड दोन सार्वमतांनंतर, थोड्या मतांच्या फरकाने, कॅनडात सामील झालं. जोई स्मॉलवुड पहिले प्रांतप्रमुख झाले. शाळा, दवाखाना, वीज, रस्ता हे सगळ्यांना द्यायचं तर तेराशेच्या घरात असलेल्या इवल्या गावांना ते कसं परवडणार, हा प्रश्न समोर होता. सरकारने काढलेला तोडगा असा की गावांनीच हलावं. १९५४ ते १९७५ या काळात वेगवेगळ्या योजनांखाली जवळजवळ ३०० वस्त्या उठल्या आणि सुमारे ३०,००० माणसं हलली. सुरुवातीला गावातल्या प्रत्येक कुटुंबाची संमती लागत असे, पुढे ती ९० टक्के आणि नंतर ८० टक्क्यांवर आणली गेली. १९६५नंतर कुटुंबामागे १,००० डॉलर आणि माणशी २०० डॉलर मिळू लागले.

या स्थलांतराची छायाचित्रं विलक्षण आहेत. लोकांनी घरं मागे टाकली नाहीत. घरंच पाण्यात ढकलली. दुमजली लाकडी घर पायावरून सोडवायचं, खाली ओंडके घालून किनाऱ्याकडे सरकवायचं, भोवती रिकामी पिंपं बांधायची, भरतीची वाट पाहायची आणि मोटारबोटींनी ओढत खाडीपलीकडे न्यायचं. खिडक्यांना पडदे तसेच. घर तरंगतं आहे आणि पुढच्या बोटीत घरमालक मागे वळून पाहतो आहे, असं एक छायाचित्र पाहून मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही. नव्या गावात घर आलं, पण मासेमारीच्या जागा ज्याच्या त्याच्या वाटलेल्या होत्या. नव्याने आलेल्याला त्यात जागा मिळणं अवघड होतं. बापजाद्यांनी हेरून ठेवलेल्या पाण्यातल्या खुणा जुन्या गावासमोरच राहिल्या. कित्येक जण उन्हाळ्यात परत जुन्या ठिकाणी जाऊन झोपडी बांधून मासेमारी करत.

दुसरा तडाखा १९९२चा. प्रचंड यांत्रिक बोटींनी वर्षानुवर्षं केलेल्या उपशामुळे उत्तरेकडच्या पाण्यातला कॉड संपत आला होता. २ जुलै १९९२ला केंद्रीय मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी त्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. ३०,०००च्या आसपास लोकांचं काम एका घोषणेने गेलं. कॅनडाच्या इतिहासातली एकगठ्ठा नोकऱ्या जाण्याची ती सगळ्यात मोठी घटना मानतात. पुढच्या वर्षी दक्षिण किनाऱ्यावरची कॉडची मासेमारीही थांबली. तिथली ती काही वर्षांनी सुरू झाली. उत्तरेकडची बंदी मात्र उठायला २०२४ उजाडलं. तोवर तरुण माणसं अल्बर्टाच्या तेलक्षेत्रांत गेली होती. चाकरमान्यांचं रिकामं घर आणि गणपतीला उघडणारं कुलूप आपल्याला माहीत आहे. तिथे त्यासाठी ‘कम होम इयर’ साजरं करतात. प्रांतभर पहिलं झालं १९६६मध्ये, अलीकडचं २०२२मध्ये. एकेक गाव स्वतःचंही ठरवतं, आणि त्या आठवड्यात वस्ती कित्येक पटींनी फुगते.

या सगळ्यात चार चाकांची गाडी आली कुठून? तिची जन्मकथा मजेची आहे. १९६७च्या सुमारास होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी तक्रार केली की हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नाहीत, थंडीत खपेल असं काही द्या. ओसामू ताकेउची या अभियंत्याने प्रयोग करून पाहिले: दोन चाकं, तीन, चार, पाच, सहा. बर्फात आणि चिखलात तीन चाकं त्यातल्या त्यात बरी चालली. खरी युक्ती मात्र टायरची होती. त्या काळी ॲम्फिकॅट नावाची पाण्याजमिनीवर चालणारी एक छोटी गाडी होती, तिची फुग्यासारखी, अगदी कमी हवेची चाकं त्याने पाहिली आणि तशीच आपल्या गाडीला बसवली. १९७०मध्ये ‘यूएस ९०’ बाजारात आली. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बाँडपटात ती पडद्यावर धावली. चौथं चाक आणलं सुझुकीने, १९८२मध्ये. तीन चाकी वळणावर चटकन उलटायची. मुलांचे आणि तरुणांचे अपघात इतके वाढले की १९८८मध्ये कंपन्यांनी सरकारशी तडजोड करून अमेरिकेत तिची विक्री थांबवली. तेव्हापासून एटीव्ही म्हणजे चारचाकीच.

टायरचा मुद्दा थोडा उलगडायला हवा, कारण गाडीचं सगळं सामर्थ्य आणि सगळा उपद्रव तिथेच आहे. मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण पाच. टायर जमिनीवर जवळजवळ आतल्या हवेइतकाच दाब देतो. म्हणजे तीनशे किलोची गाडी आणि वर स्वार असूनही ओल्या मातीवर पडणारा दाब माणसाच्या पावलाच्या दाबाहून फारसा जास्त नसतो. म्हणून ती रुतत नाही. दगड आला तर टायर त्याला कवेत घेतो, फेकला जात नाही. पण माणसाचं पाऊल उचलून पुढे पडतं. चाक मात्र फिरतं, घसरतं, खरवडतं. न्यूफाउंडलंडमध्ये दलदलीवर शेवाळाची जी जाड गादी असते ती हजारो वर्षांत साठलेली आहे. तिच्यावरून एक गाडी गेली तर गादी दबते, पुन्हा उठते. त्याच जागेवरून दहा गेल्या की शेवाळ फाटतं, काळा चिखल उघडा पडतो, पाणी त्या चरातून वाहू लागतं. मग पुढचा चालक तो चिखल टाळून शेजारून जातो आणि चर रुंदावत राहतो. विमानातून किंवा टेकडीवरून पाहिलं तर हे काळे पट्टे दूरवर दिसतात आणि दशकानुदशकं भरून येत नाहीत.

याच कारणासाठी प्रांताच्या नियमांनी दलदलीवर एटीव्ही नेण्यास मनाई केली आहे. शिकार केलेलं मूस बाहेर काढण्यापुरती मर्यादित सूट आहे. ही सूट का, हे बाहेरच्याला कळत नाही. मूस हा प्राणी मूळचा या बेटावरचा नव्हेच. १९०४मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार मूस आणून हाउली गावाजवळ सोडले. आज त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. एक नर पाचशे किलोचा असू शकतो. परवान्यावर केलेल्या एका शिकारीचं मांस कुटुंबाला आणि शेजारपाजाऱ्यांना अख्खा हिवाळा पुरतं. जंगलात पाच किलोमीटर आत पडलेला एवढा प्राणी खांद्यावर आणायचा तर चार माणसांचे दोन दिवस जातात. सरपणाचंही तसंच. परवाना काढून ठरलेल्या पट्ट्यात झाडं तोडायची, ओंडके करायचे, ट्रेलरने घरी आणायचे, रचून वाळवायचे. ऑगस्टमध्ये दलदलीच्या कडांना बेकॲपल नावाचं केशरी फळ पिकतं, सप्टेंबरात लाल पार्ट्रिजबेरी. त्यांचे मुरंबे प्रत्येक घरात असतात. आणि ज्या जागी ही फळं भरपूर मिळतात त्या कुणी परक्याला सांगत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात अळंबी कुठे उगवते ते जसं सांगत नाहीत, अगदी तसंच.

फ्रान्सवेत बाहेरच्या माणसाला गाडी चालवायला वाटा नाहीत आणि त्याने चालवूही नये. स्वतः हँडल हातात घ्यायचं असेल तर बेटाच्या पश्चिमेला पोर्ट-ओ-बास्कला यावं. तिथून जुन्या रेल्वेचा मार्ग सुरू होतो.

न्यूफाउंडलंडची रेल्वे नॅरोगेज होती, १,०६७ मिलिमीटर रुंदीची. सेंट जॉन्सहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १८९८च्या जूनअखेर पोर्ट-ओ-बास्कला पोहोचली. बेटाला वळसा घालत, डोंगर चुकवत, तळ्यांच्या काठाने जाणारा हा मार्ग ८८३ किलोमीटरचा, आणि प्रवासाला एका दिवसाहून जास्त लागायचा. १९६९मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९८८मध्ये मालगाड्याही. रेल्वे सोडून देण्याच्या बदल्यात केंद्राने प्रांताला रस्त्यांसाठी पैसे दिले. १९९० संपेपर्यंत रूळ उखडले गेले. भराव, पूल आणि खडी तेवढी राहिली, आणि त्यावरून लोकांच्या एटीव्ही धावू लागल्या. पुढे प्रांताने १९९७मध्ये या संपूर्ण पट्ट्याला उद्यानाचा दर्जा दिला. पायी चालणारे, सायकलवाले, स्नोमोबाइल आणि एटीव्ही सगळ्यांसाठी तो खुला आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गांचं काय होतं ते पाहिलं की या निर्णयाचा मला हेवा वाटतो. शकुंतला एक्स्प्रेसचा यवतमाळ-मूर्तिजापूर मार्ग डोळ्यांसमोर येतो आणि खंत वाटते.

गाडी चालवायला सोपी आहे, आणि त्यातच धोका आहे. उजव्या अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, पायाखाली आणि हातात ब्रेक, गिअर बहुधा आपोआप. सरळ वाटेवर दहा मिनिटांत हात बसतो. चढावर शरीर पुढे झुकवायचं, उतारावर मागे, आडव्या उतारावरून जाताना डोंगराच्या बाजूला वजन टाकायचं. मोटारसायकलची सवय असलेला माणूस गाडी कलायला लागली की पाय खाली टेकवायला जातो. इथे तसं केलं तर मागचं चाक पावलावरून जातं. एका स्वाराच्या गाडीवर दोघांनी बसू नये, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. २०२२च्या मे महिन्यात न्यूफाउंडलंडने नवा कायदा आणला, त्यात हेल्मेट आणि नोंदणी सक्तीची झाली, नवशिक्यांना प्रशिक्षणही. त्यावर गावागावांत बरीच कुरकुर झाली. छप्पर आणि सीटबेल्ट असलेल्या शेजारी-शेजारी बसायच्या गाड्यांनाही हेल्मेट कशाला, हा वाद सगळ्यात तापला. माझं मत कायद्याच्या बाजूने आहे. जिथे दवाखाना शंभर किलोमीटर लांब आहे तिथे डोकं जास्तच जपायला हवं.

पोर्ट-ओ-बास्कहून निघालं की डावीकडे समुद्र, उजवीकडे लाँग रेंजचे डोंगर, मध्ये गवताची पट्टी. केप रेची वाळू मागे पडल्यावर रेकहाउस लागतं. इथे आज घर नाही, दुकान नाही, पण या जागेची गोष्ट ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोंगरांच्या घळीतून आग्नेयेचा वारा इथे ताशी २०० किलोमीटरपर्यंत वेगाने उतरतो आणि रुळांवरचे डबे उलटवून टाकतो. रेल्वेने यावर उपाय म्हणून इथेच राहणाऱ्या लॉकी मॅकडूगल या शेतकरी-शिकाऱ्याला कामाला ठेवलं. त्याने वारा हुंगायचा आणि गाडी सोडावी की थांबवावी ते कळवायचं. महिन्याला वीस डॉलर. वाऱ्याचा अंदाज सांगणारा हा माणूस १९६५मध्ये वारला, तोवर हे काम करत होता; नंतर त्याची बायको एमिलीने ते सांभाळलं. आता महामार्गावर मालट्रक उलटतात तेव्हा जुनी माणसं अजून त्याचं नाव काढतात. मी तिथून गेलो तेव्हा वारा मध्यम होता असं बरोबरचे लोक म्हणाले. मला हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावं लागत होतं.

उलट दिशेला, पूर्वेकडे, रोझ ब्लँशपर्यंत रस्ता जातो. तिथे १८७०च्या दशकात ग्रॅनाइटच्या चिऱ्यांनी बांधलेलं दीपगृह आहे, पडझड झाल्यावर नव्याने उभं केलेलं. वाटेत आयल-ओ-मॉर्ट हे गाव. १८२८मध्ये आयर्लंडहून स्थलांतरितांना घेऊन निघालेलं ‘डिस्पॅच’ हे जहाज इथल्या खडकांवर फुटलं. सतरा वर्षांची ॲन हार्वी, तिचे वडील, धाकटा भाऊ आणि त्यांचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा यांनी मिळून सुमारे १६० जणांना वाचवलं. कुत्र्याने लाटांतून पोहत जाऊन दोरीचं टोक आणलं. या किनाऱ्यावरची माणसं अशी आहेत. आणि समुद्रही तोच आहे: २४ सप्टेंबर २०२२ला फियोना वादळाने पोर्ट-ओ-बास्कमधली कित्येक घरं पायासकट उचलून नेली. शंभरच्या आसपास कुटुंबं बेघर झाली. आज तिथल्या किनाऱ्याच्या एका पट्टीवर नुसते जोते दिसतात.

रोझ ब्लँशच्या पुढे पुन्हा बोट. ग्रँड ब्रिट नावाचं एक गाव त्या बाजूला होतं, गावाच्या मधून धबधबा कोसळणारं. २०१०मध्ये तिथले शेवटचे लोक निघून गेले. गावं उठवण्याची योजना अजून चालू आहे, फक्त आता पुढाकार गावाने घ्यायचा असतो. ठरावीक बहुमत झालं तर घरमालकाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून थोडे जास्त मिळतात, आणि मग सरकार बोट, वीज, सगळं बंद करतं. लिटल बे आयलंड्स या गावात पहिल्या मतदानात ९० टक्क्यांचा आकडा अगदी थोडक्यात हुकला. काही वर्षं शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. नंतरच्या मतदानात सगळे बाजूने पडले आणि ३१ डिसेंबर २०१९ला वीज तोडली. एक जोडपं सौरऊर्जेवर तिथेच राहिलं. पुढे बहुमताची अट ७५ टक्क्यांवर आणली गेली, म्हणजे उरलेल्या गावांना उठणं आता सोपं झालं आहे. शंभराच्या आत वस्ती असलेल्या गावासाठी बोट चालवणं महाग आहे, हे खरं. पण तो खर्च मोजताना उठलेल्या माणसांचं पुढे काय झालं तेही मोजावं, असं मला वाटतं. १९५४ ते १९७५च्या अनुभवाने ते पुरेसं दाखवून दिलं आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या एटीव्हीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कोकणात ही गाडी कुणाची गरज म्हणून आली नाही. फेरीचे पैसे देणाऱ्या पाहुण्यांसाठी आली. त्यात गैर काही नाही, गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. प्रश्न जागेचा आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात. गाडीच्या चाकाने पडलेला वीतभर खोल चर तळहातात मावणाऱ्या पिल्लासाठी भिंतीसारखा असतो. ते त्यातून पुढे-मागे धावत राहतं, दमतं, आणि कावळ्या-खेकड्यांच्या तोंडी जातं. घरट्यावरून चाक गेलं तर वाळू घट्ट होऊन पिल्लांना वर येणंच जमत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी जपायला सुरुवात केली, आणि तिथला कासव महोत्सव आज लोकांना रोजगार देतो. पर्यटनाचा हाही एक मार्ग आहे. किनाऱ्यावर गाड्या फिरवायच्याच असतील तर भरतीच्या रेषेखालच्या ओल्या वाळूचा ठरावीक पट्टा, ठरावीक महिने, आणि अंधार पडायच्या आत गाड्या बंद, एवढं ग्रामपंचायत आणि गाडीवाले मिळून ठरवू शकतात. न्यूफाउंडलंडला दलदलीवरचे चर पाहून जे नियम करावे लागले ते आपल्याला चर पडायच्या आधी करता येतील.

जाणाऱ्यांसाठी थोडं. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. नोव्हा स्कॉशियातल्या नॉर्थ सिडनीहून पोर्ट-ओ-बास्कला मोटारीसह नेणारं जहाज मिळतं, सात तासांचा प्रवास. दक्षिण किनाऱ्यावरच्या बोटीचं वेळापत्रक हवेवर चालतं, म्हणून हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत. धुकं पडलं तर गावातच अडकून राहावं लागतं, आणि तसं अडकणं वाईट नसतं. फ्रान्सवेत हॉटेल नाही, कुणाच्या तरी घरी खोली मिळते, ती आधी ठरवून जावी. रोख पैसे आणि पावसाचा कोट हवाच. जुन्या रेल्वेमार्गावर गाडी भाड्याने घेताना हेल्मेट नीट बसतंय का पाहावं, पुलांच्या दुरुस्तीची चौकशी करावी, आणि चालणारा समोर दिसला की गाडी थांबवून त्याला आधी जाऊ द्यावं. तिथे सगळे तसंच करतात, आणि जाता जाता हात उंचावतात.